चार नंबरच्या खोलीचा दिवा

मी प्रोग्राम लिहिते असं सांगितलं की जळगावात अजूनही कुणीतरी विचारतं, कुठल्या हॉलमध्ये आहे? एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचं सूत्रसंचालन कराल का म्हणून मला विचारलं होतं. यावलच्या एका कापड दुकानदारानं तातडीनं बोलावलं म्हणून मी एसटीनं धावत गेले, तर त्यांचा छताचा पंखा बंद पडला होता. कॉम्प्युटर विजेवर चालतो, पंखाही विजेवर चालतो, तेव्हा ताईंना जमेल, असा त्यांचा हिशोब. पंखा मला जमला नाही. चहा पिऊन परत आले.

सत्तावीस वर्षं हे काम करते आहे. दूध संकलन केंद्रं, कापसाचं जिनिंग, दोन शाळांची वेळापत्रकं, एका मंगल कार्यालयाचं बुकिंग. मोठ्या कंपन्यांशी माझा कधी संबंध आला नाही. ज्यांना पुण्या-मुंबईचा माणूस परवडत नाही ते माझ्याकडे येतात, आणि माझ्याबद्दल एकच गोष्ट एकमेकांना सांगतात : रेखाताईंचा प्रोग्राम बंद पडत नाही, आणि दुरुस्ती करायची तर चालू असतानाच करून देतात. या दुसऱ्या गोष्टीचा मला फार अभिमान होता. धुळ्यात जे घडलं ते त्या अभिमानातूनच घडलं, म्हणून तेच सांगते.

धुळ्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, केळी पिकवण्याचं एक केंद्र आहे. मालक मूळचे रावेरकडचे, पासष्टीचे शेतकरी. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणते. रावेर-यावलकडून हिरवी कच्ची केळी ट्रकनं येतात, ती क्रेटमध्ये रचून बंद खोलीत ठेवतात, थोडा गॅस सोडतात, गारवा ठरावीक ठेवतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळा माल बाहेर काढतात. अशा सहा खोल्या. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं ते असं की, पिकताना केळी श्वास घेतात. बंद खोलीतला प्राणवायू संपवतात आणि आपल्याला घातक अशी हवा सोडतात. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नसतो. म्हणून दार उघडण्याआधी मोठा पंखा लावून आतली हवा बाहेर काढावी लागते. प्रत्येक दारावर एक दिवा आहे. लाल असला तर आत जायचं नाही, हिरवा झाला की जायचं.

हे दिवे, पंखे, गारवा सांभाळणारा प्रोग्राम माझा. तो कसा होता हे थोडं सांगावं लागेल, पण अवघड नाही. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं वाचून करायच्या सूचना. सगळ्या सूचना एकाच ठिकाणी कोंबल्या तर गोंधळ होतो, म्हणून एकेका कामाची वेगळी वही करतात, तिला मॉड्यूल म्हणतात. दिवा हिरवा कधी करायचा हा नियम माझ्या ‘हवा’ नावाच्या मॉड्यूलमध्ये होता. आणि सहा खोल्या एकाच वेळी सांभाळायच्या तर एका प्रोग्रामच्या पोटात सहा कामगार लागतात. त्यांना थ्रेड म्हणतात. खोली भरली की तिचा थ्रेड सुरू व्हायचा, वहीतला नियम वाचून घ्यायचा आणि खोली रिकामी होईपर्यंत राबायचा. खोली रिकामी झाली की तो संपायचा.

प्रोग्रामच्या भाषेत या सगळ्यासाठी तयार फंक्शन्स असतात, म्हणजे नाव घेताच ठरलेलं काम करणारे हुकूम. थ्रेड सुरू करायचं, तो संपेपर्यंत थांबायचं, कोणकोणते थ्रेड जिवंत आहेत ते विचारायचं. तसंच एक फंक्शन असतं ज्यानं प्रोग्राम चालू असताना जुनं मॉड्यूल काढून नवं वाचायला लावता येतं. माझी सगळी ख्याती त्या एका फंक्शनवर उभी होती.

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. उपवासामुळे केळ्यांना मागणी, ट्रकवर ट्रक येत होते. त्या गडबडीत केंद्राचे इलेक्ट्रिशियन योगेशभाऊ यांचा फोन आला. दोन नंबरच्या खोलीच्या पंख्याचा पट्टा तुटला होता, पंखा फिरतच नव्हता, तरी दिवा मात्र हिरवा झाला होता. नशिबानं त्यांनी आवाजावरून ओळखलं. चूक माझीच होती. माझा नियम असा होता की पंख्याला हुकूम देऊन वीस मिनिटं झाली की दिवा हिरवा. पंखा खरंच फिरला का, हवा खरंच गेली का, हे नियम विचारत नव्हता.

मी घाबरले आणि लगेच कामाला लागले. आबांनी एका शब्दात सहाही खोल्यांत हवा मोजणारी यंत्रं बसवायला परवानगी दिली. योगेशभाऊंनी दोन दिवसांत ती बसवली. मी नियम बदलला : यंत्र म्हणेल हवा चांगली, तेव्हाच हिरवा. सोमवारी दुपारी जळगावला घरी बसून मी धुळ्याच्या कॉम्प्युटरला जोडून घेतलं. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करणं हा सरळ रस्ता होता. पण बंद केला की भरलेल्या खोल्यांचा गारवा थांबणार, आणि बंद करायचा म्हणजे आबांची परवानगी, योगेशभाऊंची धावपळ. मी ते एक फंक्शन चालवलं. नवं मॉड्यूल आलं. त्याच संध्याकाळी एक नंबरची खोली नव्यानं भरली, मी योगेशभाऊंकडून तिचा दिवा तपासून घेतला, अगदी बरोबर चालला. मी आबांना फोन करून सांगितलं, झालं काम, एक मिनिटसुद्धा बंद करावं लागलं नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास योगेशभाऊंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“ताई, जिजाअक्का चार नंबरमध्ये पडल्या. श्वास चालू शे. दवाखान्यात नेलंय.”

जिजाअक्का म्हणजे तिथल्या बायांच्या मुकादम. साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावच्या, वय पंचावन्नच्या पुढे. माल तयार झाला का हे त्या नुसत्या सालीच्या रंगावरून सांगत, म्हणून खोली उघडली की आधी त्या एकट्या आत जात आणि मग बाकीच्या बायांना बोलावत. त्या दिवशी त्या आत गेल्या आणि हाक आली नाही. दुसऱ्या बाईनं डोकावलं तर अक्का क्रेटच्या रांगेत आडव्या. तिनं आरडाओरडा केला, योगेशभाऊंनी दार सताड उघडलं, श्वास रोखून आत शिरले आणि त्यांना ओढून बाहेर आणलं. कपाळ क्रेटवर आपटून फुटलं होतं. बाहेरच्या बाजूला पंख्याच्या तोंडावर प्लास्टिकचा मोठा कागद उडून चिकटला होता. पंखा फिरत होता, पण हवा बाहेर जातच नव्हती.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जातं. फोन ठेवल्यावर मी आधी प्रोग्रामची नोंद उघडली. अक्का शुद्धीवर आल्या का हे मी नंतर विचारलं.

प्रोग्राम दर मिनिटाला नोंद ठेवत असे. त्या वेळेसमोर स्वच्छ लिहिलं होतं : खोली चार, हवा वाईट, दिवा लाल. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना तेच वाचून दाखवलं. वर माझ्याकडून एक वाक्य जोडलं, दिवा लालच होता, यात शंका नाही.

ते वाक्य तासाभरात सगळ्या केंद्रात फिरलं. अक्का लाल दिवा असताना आत घुसल्या. घाई केली. वय झालं, दिसत नसेल.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी धुळ्याला गेले आणि थेट दवाखान्यात पोचले. अक्का पलंगावर बसल्या होत्या, कपाळाला पट्टी, आवाज खोल गेलेला. शेजारी त्यांचे यजमान होते, त्यांना सगळे नाना म्हणत. मी तब्येत विचारली. अक्कांनी माझा हात धरला आणि त्या अहिराणीत म्हणाल्या, “ताई, दिवा हिरवा व्हता. हिरवा दिखना म्हणीसन मी मजार गऊ.”

हिरवा दिसला म्हणूनच आत गेले, असं त्या सांगत होत्या. मी काय केलं? मी त्यांना समजावलं. चक्कर येण्याआधी रंग नीट दिसत नाहीत, असं होतं कधीकधी, कुणी तुम्हाला दोष देत नाही, असं अगदी गोड आवाजात सांगितलं. नाना मान हलवत होते. ते म्हणाले की ताईंच्या मशीनमध्ये लिहिलेलं आहे, मशीन कशाला खोटं बोलेल. अक्कांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारी डॉक्टरांनी सोडलं, आणि नाना त्यांना गावी घेऊन गेले.

मी धुळ्यातच मावसबहिणीकडे मुक्काम केला, कारण आबांना सगळ्या घटनेचा लेखी अहवाल हवा होता. त्यात अक्कांना कामावरून कमी करण्याचं कारण म्हणून माझी नोंद जोडायची होती. शुक्रवारी सकाळी मी केंद्रावर गेले. त्या दिवशी पाच नंबरची खोली उघडायची होती. बाया दारासमोर थांबल्या होत्या. अक्का नसल्यानं त्यांच्यातली एक पुढे उभी होती.  मी ऑफिसच्या काचेआड कॉम्प्युटरसमोर बसले होते, तिथून ते दार समोर दिसतं. पंखा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

पडद्यावर लिहून आलं : खोली पाच, हवा वाईट, दिवा लाल.

मी मान वर केली. दारावर हिरवा दिवा लागला होता.

मला पहिल्यांदा वाटलं, पडद्यावरचं मागच्या मिनिटाचं असेल, मिनिटभरानं बदलेल. मिनिट गेलं. पडद्यावर लाल, दारावर हिरवा. पुढे उभी असलेली बाई कडीला हात घालत होती. मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या, बाहेर धावले, तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती माझ्याकडे बघत राहिली.  

योगेशभाऊंना दाराजवळ उभं करून मी परत आत आले. कोणकोणते थ्रेड जिवंत आहेत ते विचारणारं फंक्शन चालवलं. हे फंक्शन मी सोमवारी चालवायला हवं होतं. पाच नावं आली, प्रत्येकापुढे तो कधी सुरू झाला ती वेळ. चार सोमवारी दुपारनंतरचे होते. पाच नंबरच्या खोलीचा थ्रेड रविवारचा होता.

मग सगळं एका दमात समजलं. मी सोमवारी वही बदलली होती. पण जो कामगार आधीच जुनी वही वाचून कामाला लागला आहे, त्याला कुणी जाऊन सांगत नाही की वही बदलली. तो आपला जुना नियम घोकत काम संपेपर्यंत राबत राहतो. पाच नंबरचा थ्रेड अजून वीस मिनिटं मोजून दिवा हिरवा करत होता, गच्च भरलेल्या खोलीतली हवा तेवढ्यात निघाली नसली तरी. चार नंबरची खोली शनिवारी भरलेली, तिचाही तसाच. मी तपासली ती एक नंबरची खोली नेमकी सोमवारी संध्याकाळी भरलेली, म्हणून ती बरोबर चालली.

आणि नोंद? ती याहून वाईट होती. नोंद ठेवणारा भाग दाराच्या दिव्याकडे बघतच नव्हता. तो दर मिनिटाला नवी वही उघडायचा, यंत्रातला आकडा घ्यायचा आणि नियमाप्रमाणे दिवा कोणता असायला हवा ते लिहायचा. दिवा कोणता आहे हे त्यानं कधीच लिहिलं नव्हतं. असायला हवा आणि आहे, यातला फरक मी सुरुवातीपासून गाळला होता, कारण माझा प्रोग्राम चुकेल असं मला वाटलंच नव्हतं.

अक्कांनी पाहिलेला दिवा हिरवाच होता.

आबांना मी ऑफिसात बोलावून दार लोटलं आणि सगळं सांगितलं. त्यांना थ्रेड वगैरे कळलं नसेल, पण लाल-हिरवं कळलं.  मग त्यांनी विचारलं, चार नंबरचा तो थ्रेड कुठे आहे. मी म्हटलं, बुधवारी खोली रिकामी केली तेव्हा संपला, त्याचा आता काही माग नाही. आणि पाचचा? मी म्हटलं, ही खोली रिकामी झाली की तोही संपेल.

“म्हणजे तासाभरानं फक्त तुमची नोंद उरेल,” आबा म्हणाले. “आणि ती लाल सांगते.”

त्यांनी मला काही करा किंवा करू नका असं सांगितलं नाही. नुसतं बोलून दाखवलं. माझ्या मनात तो विचार त्यांच्या आधी येऊन गेला होता, हे मी इथं कबूल करते. पाच नंबर रिकामी झाली की प्रोग्राम चोख होणार होता. कुणालाही कधीही कळलं नसतं. माझं नाव, आबांचं केंद्र, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त साक्रीकडच्या एका गावात एका बाईला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं असतं की तुला लाल दिसलं नाही.

मी म्हटलं, “आबा, त्या खोटं बोलत नव्हत्या. मी बोलले.”

आबा खिडकीतून बाहेर बघत होते. बाया अजून तशाच उभ्या होत्या. ते उठले, टोपी नीट केली आणि स्वतः बाहेर गेले. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की बुधवारी दिवा हिरवा होता, चूक मशीनची होती. मी त्यांच्या मागे उभी होते. मला ते पुरलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, मशीनची नाही, माझी.  जिला मी मागे ओढलं होतं ती पदर तोंडाशी धरून खाली बसली.

त्या दिवशी प्रोग्राम बंद केला. पूर्ण बंद, अर्धा तास. गारवा थोडा कमी झाला, केळ्यांना काहीही झालं नाही. जो अर्धा तास मी सोमवारी इतका टाळत होते तो हा एवढाच होता. पुढच्या आठवड्यात योगेशभाऊंनी दारावरचे दिवे थेट हवेच्या यंत्राला तारेनं जोडले, मध्ये माझा प्रोग्राम ठेवलाच नाही. ते मीच सुचवलं. नोंदही आता दाराच्या दिव्यावरून येते. माझा लेखी अहवाल दोन पानांचा झाला, आणि त्यात अक्कांचं नाव फक्त एका वाक्यात होतं : त्यांनी नियमाप्रमाणे दिवा पाहून प्रवेश केला.

पण अहवाल वाचून अक्कांपर्यंत काही पोचणार नव्हतं. त्याच शुक्रवारी दुपारच्या गाडीनं मी साक्रीला गेले, तिथून जीपनं त्यांच्या गावी. बाजूच्या डोंगरावर गुरं चरत होती, ओट्यावर मक्याची कणसं वाळत घातली होती. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, मला पाहून उठल्या नाहीत. सुनेनं पाणी आणलं. मी पाणी हातात तसंच धरून सांगून टाकलं की दिवा हिरवा होता, मी स्वतः पाहिलं, तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हालाच समजावत बसले.

 अक्कांचा चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलवायला सुनेला शेतात पाठवलं. नाना आले, दीर आले, शेजारच्या दोघी-तिघी आल्या.  सगळे जमल्यावर अक्का म्हणाल्या, “आते बठ्ठास्ले सांगा.”

मी सगळ्यांना पुन्हा सांगितलं. या वेळी उभी राहून, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तशी. माझी चूक कशी झाली ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. नानांनी मान खाली घातली. दवाखान्यातून घरी येताना आणि घरी आल्यावरही ते अक्कांना बोलले होते, हे मला सुनेच्या चेहऱ्यावरून कळलं. ते अक्कांच्या शेजारी ओट्यावर बसले.

जाताना अक्का मला जीपपर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, कामावर याल ना, आबांनी बोलावलंय. त्या म्हणाल्या, येईन, पण बाहेरच्या शेडमध्ये, केळ्यांच्या निवडीला. बंद दाराच्या आत आता जाणार नाही. पुढे त्या तशाच आल्या, अजूनही निवडीलाच असतात.

जीप यायला वेळ होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मी माफी मागायला शब्द शोधत होते, तेवढ्यात अक्काच बोलल्या. माझ्याकडे न बघता, समोरच्या डोंगराकडे बघत.

“तीन दिन बठ्ठा सांगी ऱ्हायन्तात, लाल व्हता, लाल व्हता. ताई, डोया मिटू ते माले बी लालच दिखाले लागना व्हता.”